आठ बाटल्यांची एक बाटली

६ मार्च
बिल्डिंगला एकदाची लिफ्ट बसतेय. उद्घाटन २३ तारखेला, गच्चीवर. पेयपानाचं कोण बघणार विचारल्यावर मीटिंगमध्ये सगळे छताकडे बघायला लागले. मी हात वर केला आणि म्हणालो, शॅम्पेन! शांतता पसरली. आदर असावा.
बायको म्हणाली, तुम्हाला त्यातलं काय कळतं? कळेल की. वेळ आहे.

७ मार्च
अभ्यास सुरू. साधी बाटली पाऊण लिटरची, तिच्यात सहा ग्लास. दोन बाटल्यांची एक ती मॅग्नम. चारांची जेरोबोम. आठांची मेथुसेला, हे नऊशे वर्षं जगलेल्या कुणा म्हाताऱ्याचं नाव. विसांची नेबुकदनेझर. हे दाढी करताना पाठ केलं. हनुवटी कापली.
आपण मोठी माणसं शेहेचाळीस. मेथुसेलात अठ्ठेचाळीस ग्लास. उरले दोन, ते माझे. याला म्हणतात नियोजन.

९ मार्च
पहिल्या मजल्यावरच्या खजिनदारबाई म्हणाल्या, आठ साध्या बाटल्या आणा, शॅम्पेन तेवढीच, फ्रिजमध्ये मावतील आणि चौघं एकदम ओततील. बाई हुशार आहेत, पण दृष्टी नाही. आठ बाटल्या म्हणजे बाजारहाट. एक मेथुसेला म्हणजे समारंभ!
वाइनवाल्यानेही तीच टेप लावली. एवढी मोठी बाटली बहुतेक लोक फोटोपुरती घेतात म्हणाला. मी म्हटलं, मी बहुतेकांतला नाही. ऑर्डर दिली. परत घेणार नाही म्हणाला. परत देतंय कोण?

१३ मार्च
झोप उडालीय. सहा ग्लास केव्हा, तर प्रत्येकात सव्वाशे मिलीच ओतली तर. हात सैल सुटला की शेवटचे दहा जण कोरडे. बायकोचा मापाचा कप घेऊन साबणाच्या पाण्यावर सराव केला. थोडं ओतायचं, फेस बसू द्यायचा, पुन्हा ओतायचं. संयम लागतो. माझ्यात तो आहे.
कप फुटला. त्याचा कान आधीच सैल होता.

१६ मार्च
आईने विचारलं, लिफ्टची पहिली फेरी माझी ना रे? गुडघ्यांपायी ती दोन वर्षं चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. समजावलं, पहिल्या फेरीत बाटली आणि सोसायटीचे अध्यक्ष, प्रोटोकॉल असतो. दुसरी फेरी तुझी, नक्की. बरं म्हणाली आणि खिडकीत जाऊन बसली. समजूतदार आहे.

२१ मार्च
बाटली आली. तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरावी लागते, फक्त हे बाळ दहा किलोंचं आहे. फ्रिजमध्ये मावेना. दोन कप्पे काढले, तिसऱ्याला बायकोने हात लावू दिला नाही. शेवटी खाली मीटरच्या खोलीत टब ठेवला, त्यात बर्फ.
पाठ धरलीय. बाटलीमुळे नाही. हवा बदलतेय.

२२ मार्च
दिवसभर बर्फ बघायला चार मजले खाली-वर. लिफ्ट तयार आहे, पण उद्घाटनाआधी कुणी वापरायची नाही असा नियम आहे. नियम मीच केलाय.

२३ मार्च, संध्याकाळ
थोडक्यात लिहितो.
लिफ्टचा मेकॅनिक म्हणाला, टब बाहेर ठेवा, नुसती बाटली न्या. मी म्हटलं, शॅम्पेन गार हवी. आत टब, बर्फ, बाटली, अध्यक्ष आणि मी. वर जाऊन वेळ जायला नको म्हणून बुचाची तार आधीच सोडवून ठेवली होती. दूरदृष्टी.
तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे लिफ्टने किंचित गचका दिला. टब हिंदकळला, पाणी दाराच्या फटीतून खाली गेलं. दिवे गेले. लिफ्ट थांबली. आणि अंधारात बूच आपणहून उडालं.
अध्यक्षांनी आधी चाचपडत तोंड पुसलं. मग बोलले. ते इथे लिहीत नाही. त्यांचा सूट नवा होता.
मेकॅनिकने आम्हाला ओढून काढलं तेव्हा बाटलीत निम्मीच होती, तीही कोमट. गच्चीवर पोचलो तर सगळ्यांच्या हातात ग्लास, तेही रिकामे. खजिनदारबाईंनी आठ साध्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या. असू द्याव्यात म्हणून, म्हणाल्या. बरोबर पुरल्या.
जिन्याने उतरताना चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी आई खुर्ची टाकून बसलेली. चांगले कपडे, पायात चपला. लागलं नाही ना रे, एवढंच विचारलं. मी म्हटलं, दुसरी फेरी पुढे ढकललीय.

२४ मार्च
मेकॅनिक म्हणतो यंत्रात पाणी गेलं. मी म्हणतो तांत्रिक दोष. मतभेद असू शकतात.
आई चपला काढून पुन्हा खिडकीत.

२७ मार्च
पाठीमुळे उशिरा उठलो. आई घरात नाही! सगळ्या खोल्या बघितल्या, बाथरूम बघितलं, शेजारी विचारलं. जीव टांगणीला. खिडकीतून डोकावलो तर खाली बाकावर आई, शेजारी खजिनदारबाई, समोर मेकॅनिक, आणि तिघं हसतायत. लिफ्ट सकाळीच दुरुस्त झाली म्हणे. पहिली फेरी तिची झाली.
धावत खाली गेलो. म्हटलं, मला उठवायचं नाही का? म्हणाली, तू गाढ झोपला होतास. आता रोज सकाळी उतरणार आहे म्हणाली. मी म्हटलं, मीही येतो बरोबर.
आई म्हणाली, ये ना. तू जिन्याने ये.