टेनरमधला घुसखोर

४ मार्च, बुधवार
चर्चमध्ये नवा ऑर्गनवादक आलाय, कर्टिस. मोजे लाल. तेवढ्यावरूनच मी ओळखलं, माणूस सरळ नाही. आज क्वायरच्या तालमीत म्हणाला, गुड फ्रायडेच्या गाण्यातले कॉर्डबाहेरचे सूर शोधा आणि पेन्सिलीने गोल करा. कॉर्ड म्हणजे एका वेळी जुळून वाजणारे सूर, तेवढं मला कळतं. पण बाहेरचे सूर आत आलेच कसे? हे कोणीच विचारलं नाही. मिनेसोटात कोणी काही विचारत नाही.

हे गाणं आम्ही दरवर्षी गातो. शेवटच्या ओळीला माझी बायको लव्हॉन रडते. वर्षातून एकदाच, तिथेच. तिची आई गेली तेव्हासुद्धा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, सगळ्यांना कॉफी देत फिरत होती. माझ्या आवाजाचा परिणाम, दुसरं काय.

११ मार्च
घुसखोर सापडला. शेवटच्या ओळीत बाकी सगळे पुढच्या कॉर्डवर जातात, टेनर, म्हणजे आम्ही उंच आवाजाचे पुरुष, मात्र आधीच्याच सुराला चिकटून. कानाला खुपतं. मग एक पायरी खाली उतरतो. कर्टिस म्हणाला, याला सस्पेन्शन म्हणतात. इतकी वर्षं मी हे गातोय आणि मला कळू नये? म्हणजे आधी नव्हतंच. नव्या प्रती मागवल्या कोणी? कर्टिसने.

१२ मार्च
कपाटातली जुनी प्रत काढून पाहिली. तिच्यातही तोच सूर. म्हणजे हा माणूस कपाटापर्यंत पोचलाय.

१५ मार्च, रविवार
तळघरात कॉफी. माझ्या शेजारी गाणारा व्हर्जिल म्हणतो, आर्विड, अरे हा सूर आपण कायमच गातो की. त्याच्या ताटलीत कर्टिसने घरून आणलेला लेमन बार होता, लिंबाची गोड वडी. काय ते समजलो.

१८ मार्च
कर्टिसला सरळ विचारलं, हा सूर कॉर्डमध्ये बसतो का? हसून म्हणाला, नाही बसत, म्हणून तर तो तिथे आहे. तोंडावर कबुली दिली आणि वर हसला. बाकीचे पेन्सिली शोधत बसले.

ठरलं. सूर दुरुस्त करायचा. सगळ्यांबरोबरच खाली उतरायचं, सुबक. मग लव्हॉनच काय, सगळं चर्च रडेल.

१ एप्रिल
बर्फामुळे शेवटची तालीम रद्द. नशीब माझ्या बाजूने.

३ एप्रिल, गुड फ्रायडे, दुपार
चर्चमध्ये लवकर गेलो. सगळ्या टेनरांच्या प्रतींत पेन्सिलीने दुरुस्ती केली. क्वायरमध्ये पेन्सिलीची खूण छापलेल्यापेक्षा मोठी. कोणी केली हे विचारायची पद्धत नाही.

संध्याकाळी
फत्ते. व्हर्जिलनेही मुकाट्याने खूण पाळली. ओळ गुळगुळीत, कुठेही कुरकुर नाही. कर्टिसने ऑर्गनवरून मान वळवून पाहिलं. पकडला गेला बिचारा.

लव्हॉन बाकावर हातात रुमाल घेऊन तयार होती. गाणं संपलं तरी रुमालाची घडी मोडली नव्हती. सर्दीने तिच्या कानांत दडे बसले असतील.

गाडीत म्हणाली, वेगळं होतं. आमच्याकडे याहून वाईट कोणी बोलत नाही.

४ एप्रिल, सकाळ
पॅनकेक करता करता लव्हॉन आपणहून बोलली. म्हणाली, त्या ओळीत तू सगळ्यांच्या मागे राहायचास. जरा टोचायचं, मग तू हळूच खाली यायचास. आईचा हात सोडताना मला तसंच झालं होतं. वर्षभर मी त्या जागेची वाट बघते. काल तू सगळ्यांबरोबर निघून गेलास.

मी तिथल्या तिथे उभा राहून तो सूर गायलो. धरून ठेवला, मग खाली आलो. तिने कान देऊन ऐकलं. टोचला नाही. टोचायला बाकीचे आवाज लागतात, ते सगळे आपापल्या घरी.

म्हणाली, असू दे, पुढच्या वर्षी.

मग कालचा रुमाल तिने तसाच कपाटात ठेवला. धुण्यासारखं त्याला काही झालंच नव्हतं.