लाखेच्या भट्टीवर राजाचे जोडे

तीर्थस्वरूप गुणवंतभाऊंच्या पायांशी वडशाकडच्या लटारूचा दंडवत.

तुमचा खोकला कसा आहे? वरोऱ्याच्या जिनात सरकी काढताना कापसाचा फुफाटा नाकातोंडात जातो, फडके बांधत जा, असे मी दिवाळीत म्हणालो तेव्हा तुम्ही हसलात. आता हसू नका. वहिनींच्या कमरेचे काय झाले, चंदाला शाळेत घातले की नाही, तेही सविस्तर कळवा. इकडे आम्ही खुशाल आहोत. (असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. मी अजून धक्क्यातच आहे, का ते पुढे कळेल.)

आमचा लाखेचा कारखाना तुम्ही पाहिला नाही. जंगलातली माणसे पळसा-कुसुमाच्या फांद्यांवरची लाख आणून देतात. आमच्याकडच्या बाया ती दगडी टाक्यांत पायांनी तुडवून धुतात आणि ते पाणी नाल्यात सोडतात. (पाणी कुंकवासारखे लाल होते. वास मात्र कुंकवाचा नाही.) मग भट्टीपुढे कापडाच्या लांब पिशवीत भरून ती पिळतात. जी वितळून गळते तिचा चपडा होतो, ज्याने तुमच्या खुर्च्या चकाकतात. मी तिथला बाबू. म्हणजे हजेरी घेतो, आणि कोणाला भाजले तर खोबरेल तेल देतो.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून सरकारी कागद फार येतात. त्यातल्याच एकाने कळवले की नागपूरहून कारखाने तपासणारे साहेब येणार; भट्टीवरच्या माणसांच्या पायांत काय आहे आणि कारखान्याचे पाणी कुठे जाते, हे ते पाहणार. आमच्या शेटने तो कागद दोनदा उलटून पाहिला. मग मला म्हणाले की भट्टीवाल्यांसाठी जोडे आण, पण विकत आणू नको. आणि साहेब जाईपर्यंत नाल्यात लाल थेंब दिसला तर तुझी हजेरी मी घेईन. पाण्याचे सोपे होते. टाक्यांच्या मोऱ्यांत तरटाचे बोळे कोंबले आणि सगळे लाल पाणी काठोकाठ भरून ठेवले. पण विकत न घेता जोडे आणायचे कुठून?

भाऊ, तुम्हाला पटणार नाही, पण मी वडशाच्या नाटक मंडळीकडे गेलो. सध्या नाटकांचा हंगाम चालू आहे, मंडळी तिथेच उतरली आहे. मालक मुखरूजी भला माणूस. उद्याच्या नाटकाआधी परत हवेत, या बोलीवर त्याने राजाचे, सेनापतीचे आणि शिपायांचे सगळे जोडे पोत्यात भरून दिले. शिपायांचे काळे आणि उंच, सेनापतीचे लाल, राजाचे जाड चामड्याचे, वरून जर लावलेले, टोके आकाशाकडे वळलेली. भट्टीवरच्या जंगूचे पाय सर्वांत मोठे. राजाचे जोडे तेवढे त्याला आले. त्याने जन्मात पायात काही घातले नव्हते. तो भट्टीपुढे असा चालू लागला, जणू चिखलात रुतलेला पाय उपसून काढतो आहे.

साहेब आले. धुळीने माखलेले. इथे मुक्कामाला बंगला नाही म्हणून शेटने त्यांना आमच्याच घरी उतरवले. (मला न विचारता.) त्यांनी आंघोळ केली, खाकी चढवली आणि आपली पांढरी विजार व सदरा धुवायला दिला. तुमची बहीण भागीरथा ते घेऊन नाल्यावर गेली. साहेब भट्टीवर आले, जोडे पाहून खूश झाले. राजाच्या जोड्याशी जरा थबकले, पण शेट म्हणाले की इकडे अशीच पद्धत आहे.

आणि तेवढ्यात जंगूचा पाय अडखळला. जोड्याचे वळलेले टोक बसायच्या पाटाखाली अडकले, तो धडपडला, आणि पिशवीतली वितळलेली लाख बदकन त्याच्या पायावर पडली. भाऊ, मी डोळे मिटले. ती लाख कातडीला लागली की कातडीसकट निघते, हे मी पाहिले आहे. सगळे पाण्यासाठी धावले. रुखमा, लाख तुडवणारी, टाकीजवळच होती. तिने बादली शोधण्यात वेळ न घालवता मोरीचा बोळाच उपटला. पाणी आले, पण एवढे आले की जंगूपर्यंत पोचून उरलेले सगळे नाल्याकडे गेले. ते थांबवायला गेलेल्यांनी गडबडीत बाकीचेही बोळे पाडले.

जंगू खाली बसला होता. पायाकडे बघत. जोडा लाखेने मढला होता. त्याने हळूच पाय बाहेर ओढला. पाय कोरा होता. भाजल्याचा डाग नाही, फोड नाही. तो बोटे हलवून बघत राहिला, आणि आम्ही सगळे त्या बोटांकडे बघत राहिलो. माझ्या टेबलावरची तेलाची बाटली कोणी मागायलाच आले नाही, याचाच मला मोठा धक्का बसला.

दुसरा धक्का नाल्याकडून आला. भागीरथा ओले कपडे घेऊन तरातरा भट्टीवर आली आणि साहेबांपुढे उभी राहिली. विजार लाल, सदरा लाल. साहेबांचा चेहरा पांढरा. त्यांनी विचारले की हे काय झाले? शेट घाईघाईने सांगू लागले की आज अपघात झाला, एरवी नाला आरशासारखा असतो. भागीरथेने आपल्या लुगड्याचा पदर पुढे धरला. तो मूळचा पांढरा होता, हे मला तेव्हा आठवले.

"साहेब, तुमचे कपडे आज लाल झाले," ती म्हणाली. "आमचे त रोजच होतात. त्याच पान्यात आमी भांडे घासतो, ढोरं त्यातच पेतात. मासोई त कुठी दिसतच नाई आता."

साहेबांनी शेटकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या: भट्टीवर प्रत्येकाला जोडे, आणि लाल पाणी जिरवायला नाल्यापासून दूर खड्डे. मग ते खाकीतच जीपमध्ये बसून गेले. जीप दिसेनाशी झाल्यावर शेट मला म्हणाले, जोडे गोळा कर आणि वडशाला पोचव.

मी गोळा करायला गेलो. कोणी काढेना. जंगूने लाख चिकटलेला तो जोडा पुन्हा चढवला होता.

"बाबू, जोडा गेला त पाय जाईन," तो शांतपणे म्हणाला. "मी नाई काढत."

मुखरूजीकडून दोनदा माणूस येऊन गेला. राजा अनवाणी, सेना अनवाणी, नाटक उभे राहायचे कसे? शेवटी शेटने तणतणत वडशाच्या मोच्याला बोलावले. तो मापे घेऊन गेला आहे. नवे आल्याशिवाय जुने सुटत नाहीत. मंडळीने राजाला आजारी ठरवून दुसरे नाटक लावले. असा हा सगळा धक्क्यांचा आठवडा गेला. वहिनींना नमस्कार, चंदाला आशीर्वाद.

आपला,
लटारू

ता. क. पत्राचे खरे कारण लिहायचे राहिले. खड्ड्यांचे नाव शेट काढेनात, म्हणून लाख धुणाऱ्या साऱ्या बाया मोऱ्यांपुढे बसल्या आहेत, आणि सर्वांत पुढे तुमची बहीण बसली आहे. (ती तर कारखान्यात कामालाही नाही.) शेट म्हणतात, बायकोला उठव, नाहीतर तूही उठ. माझे ती ऐकत नाही. तुमचे लहानपणापासून ऐकते. तरी पत्र पोचताच गाडीत बसून यावे, आणि तिला चार शब्द सांगून घरी आणावे. घरी मी करपलेला भात खाऊन राहिलो आहे.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. रद्द समजावा. पत्र टाकायला निघालो तो वाटेत भागीरथेने ते घेतले आणि सर्वांना वाचून दाखवले. करपलेल्या भाताशी बाया फार हसल्या. शेटही तिथे उभे होते. धुलाई बंद पडल्याने लाख सडू लागली आहे, म्हणून त्यांनी आज सकाळीच खड्ड्यांना होकार दिला होता, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. आता खोदकाम चालू आहे आणि फावडे माझ्या हातात आहे. हातांना फोड आले आहेत, या ओळींचे अक्षर त्यामुळे असे. भागीरथा म्हणते, भावाला येऊ दे, पण चार शब्द वरोऱ्यालाच ठेवून ये म्हणावं, आणि फावडं घेऊन ये.