मागे नेलेलं घड्याळ

सोमवार
आले बाई एकदाची नातीकडे! माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, शाळा दुसरीतच सुटली. पण नात म्हणाली, आजी, तुझी बडबड कागदावर उतरव, माझे कान किटलेत. लबाड! पाळण्यात माझी पणती, चिमणी. आम्हा दोघींचं बोळकं सारखंच, एकमेकींकडे बघून हसत बसतो. हे असते तर हरखले असते. गेल्या वर्षी गेले, तिला न बघताच.

नात घरूनच नोकरी करते. मागच्या खोलीत कपाटाएवढी यंत्रं घूं घूं करतात, सर्व्हर म्हणतात त्यांना. गारठा असा की शाल घेऊनच डोकवावं.

मंगळवार
आज सर्व्हर रुसला. नात नाव-पासवर्ड घालते, तो दारातूनच हाकलतो. ओळख पटवायचं सर्टिफिकेट असतं म्हणे, त्याची मुदत संपली. नवं करायला आत जायचं, आणि जुनं संपलं म्हणून आत घेत नाहीत! म्हटलं, हा तर माझ्या सासूबाईंचा कारभार. नात खदखदून हसली. मग तिनं सर्व्हरचं घड्याळच दीड वर्ष मागे नेलं. त्याला वाटलं मुदत आहे अजून, शिरली आत. तेवढ्यात चिमणी रडली. उठता उठता नात म्हणाली, नवं सर्टिफिकेट बसलं की हिरवा दिवा लागेल, मग हे बटण दाब, तारीख आजची होईल. विसरू नको हं, सगळा घोळ होईल.

दिवा लागला. बोट नेलं, तर बाहेरच्या खोलीत ह्यांचा खोकला. आणि हाक, अगं, चहा टाकतेस ना?

बोट मागे घेतलं. नातीला सांगितलं, दाबलं गं.

बुधवार
हे खुर्चीत बसतात. मलाच दिसतात. कुरकुर तीच, साखर कमी. किती बरं वाटलं ऐकून! पण नातीच्या नजरेला नजर देववत नाही. भिंतीवरचा चिमणीचा फोटो कोरा पडलाय. उन्हानं असेल.

गुरुवार
नातीनं धुतलेले कपडे पाळण्यात टाकले. चिमणी आत असताना! मी ओरडले, तर दचकून म्हणाली, अगं बाई, मी अशी कशी — उचललं तिला, पण शेजारणीचं मूल उचलावं तसं. मी मांडीवर घेतलं. वजनच नाही. मीच केलं हे. ते बटण दाबलं नाही. दीड वर्षामागे हे होते, चिमणी नव्हती —

शुक्रवार
नात विचारते, आजी, हा पाळणा कुणाचा? मस्करी नाही. पाळणा रिकामा. रडणं भिंतीमागून येतं, लांबून. ह्यांना विचारलं, ऐकू येतं ना हो? म्हणाले, आपल्याला कुठं पणती आहे?

शनिवार
सर्व्हरसमोर बसलेय. दाबलं तर हे — पुन्हा — आणि या वेळी माझ्याच हातानं —

दारात आलेत. रागावले नाहीत. मला घालवतेस, एवढंच म्हणाले.

रडणं बारीक झालंय.

अहो, माफ करा मला. डावा हात बटणावर आहे. ह्यांनी धरलाय तो. केवढा गार — सोडा ना. अहो, सोडा, ती रडायची थांब