ताई, सोमवारी मी शिक्षकांना शिकवणार!

प्रिय ताई,

तू असतीस तर आज शाळेच्या फाटकातूनच तुला फोन लावला असता. तू गेल्याला वर्ष होऊन गेलं, तरी काही चांगलं घडलं की बोट अजून तुझ्याच नावावर जातं. आजही गेलं. मग म्हटलं, बसून लिहावंच.

बातमी अशी की, सोमवारपासून सांगलीत मी शिक्षकांची कार्यशाळा घेणार आहे! हो, मीच, कराडची तिसरीच्या वर्गाची बाई. एक सॉफ्टवेअर आलंय. त्यात आपल्या मुलांसाठी धडे, कोडी, चाचण्या आपणच तयार करायच्या. माझ्या वर्गात ते चांगलं रुजलं, म्हणून शिक्षण खात्याच्या साहेबांनी माझं नाव दिलं. पोरांपुढं मी वाघीण, पण माझ्याहून जुन्या मास्तरांपुढं?

मग घरात तालीम सुरू. आई आणि आमचे हे सोफ्यावर, मी टीव्हीच्या पुढं उभी. सगळं ऐकून आई म्हणते, "लय ग्वाड बोललीस. पर श्वास कवा घेतीस गं?" हे इतके हसले की चहा शर्टावर सांडला.

आज रंगीत तालीम होती, आमच्याच शाळेत. आसपासचे पाच शिक्षक आले. त्यात कोण असावं? माने गुरुजी! आपल्या दोघींना चौथीला शिकवलेले, तुझ्या अक्षराला 'कोंबडीचे पाय' म्हणणारे. आता निवृत्तीला आलेत, पण आवाज तोच.

"आगं नंदे," संगणकापुढं बसता बसताच म्हणाले, "माझी नोकरी सरत आली. आता हे झेंगट माझ्या गळ्यात कशाला?"

मी म्हटलं, सोपंय गुरुजी, बघा. आणि त्यांच्या हातातला माउस घेऊन करून दाखवलं. ते अडले, मी परत घेतला. तिसऱ्यांदा हात पुढं केला तशी ते उठलेच. "तूच कर की मग समदं! मी आपला च्या पिऊन येतो." आणि गेले व्हरांड्यात. बाकीचे चौघं खाली बघायला लागले. ताई, मला वाटलं, संपलं. सोमवारी अख्खी सांगली अशीच उठून जाणार!

तेव्हा तू आठवलीस. कुपवाडला सुट्टीच्या दिवशी, कारखाने बंद असताना, मोकळ्या रस्त्यावर तू बायकांना स्कूटर शिकवायचीस. मलाही तिथंच शिकवलीस. मागच्या सीटवर हाताची घडी घालून बसलेली असायचीस. मी किंचाळायचे, "ताई, धर की गं!" आणि तू मागून म्हणायचीस, "मी धरलं तर माझाच हात शिकंल की. तुझा कवा शिकायचा?" किती राग यायचा तेव्हा! समोरून टेम्पो आला तरी तू ढिम्म!

मी गुरुजींना बोलावून आणलं, शेजारी बसले आणि हाताची घडी घातली. "पुढं काय?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला काय दिसतंय?" मी विचारलं. केवढा अवघड प्रकार आहे गं हा! हात शिवशिवत होते. त्यांनी चुकून सगळा धडा पुसला, तरी मी घडी सोडली नाही. त्यांनीच तो दुसऱ्यांदा मांडला. आणि मग एकदम ओरडले, "आगं, हितं माइकचं चित्र हाय की! ह्यात माझा आवाज जाईल व्हय?"

गेला की! उत्तर चुकलं की, "घाई नको, परत बघ." आणि बरोबर आलं की संगणकातून गुरुजी गरजतात, "शाब्बास रं गड्या!" खोलीत एकच हशा. गुरुजींना तर एवढी मजा वाटली की मुद्दाम बरोबर उत्तर देऊन ते स्वतःचीच शाबासकी परत परत ऐकत बसले. शेवटी बायकोला फोन लावून तिलाही ऐकवली. चौथीच्या वर्षभरात तुझ्या वाट्याला एक 'शाब्बास' आलं नाही, म्हणून तू किती कुरकुरायचीस! आज नुसता शाबासकीचा पाऊस होता, आणि तू नाहीस. हे काही बरं केलं नाहीस हं.

जाताना गुरुजी म्हणाले, "थोरलीला लय हसू आलं असतं." मी मान हलवली.

आता खरी गोष्ट. तू गेल्यापासून मी अधूनमधून सांगलीला आले, पण तुझ्या घरी कधी थांबले नाही. दारातूनच भावोजींना भेटायचं, सईच्या हातात खाऊ द्यायचा आणि "एसटी चुकेल" म्हणत पळायचं. या वेळी कार्यशाळा तीन दिवसांची. साहेबांनी लॉजवर सोय केली होती. कार्यशाळेचं कळल्यावर काल सईचा फोन आला, "मावशी, तुझी गादी मी गच्चीत उन्हाला टाकलीय." एवढंच बोलली. मी लॉज नको म्हणून कळवलं.

सोमवारी संध्याकाळी मी तुझ्या घरी मुक्कामाला येतेय, ताई. स्वयंपाकघरात गेल्यावर रडू आलं तर रडेन, पण पळणार नाही. तुझ्या लेकीबरोबर जेवेन, तिच्या शेजारी झोपेन, आणि इथून पुढं सांगलीला आले की तिथंच राहीन. शब्द देते.

तुझी धाकटी,
नंदा