रुमालाखालचा हात

९ मार्च, सोमवार

शुगरची मोठी गोळी आता दोन वेळा. डॉक्टरीणबाईंनी शनिवारी वाढवली. म्हणाल्या, पोट थोडं कुरकुर करेल, सवय होईल. पोट कुरकुर करत नाही, शिव्या देतं. आज तीनदा. फळबाजारात आमच्या गाळ्यापासून संडास एकशे चाळीस पावलं. इतकी वर्षं इथं काढली, पावलं कधी मोजली नव्हती.

तिसऱ्यांदा निघालो तर म्हादू हमाल पाठीवर पेट्या घेऊन तसाच थांबला. म्हणाला, "शेठ, तिकडं दुसरा गाळा घेतला का?" सगळी हमाल मंडळी हसली. मीही हसलो, पण चालता चालता. थांबून हसायची सोय नव्हती.

तोंडाला गंजक्या खिळ्याची चव. चहालाही तीच, भाकरीलाही तीच.

१२ मार्च

थकवा. पंचविशीत याच बाजारात पाठीवर माल वाहिला. तेव्हा दमायचो ते कशानं, ते माहीत असायचं. जेवलं, झोपलं, की गेलं. आता झोपून उठतो तोच दमलेला. अंघोळीचा तांब्या डोक्यापर्यंत नेताना मधेच थांबलो आज.

कामोठ्याला घरी परत आलो. लिफ्टमध्ये दोन बायका, माझ्याकडे पाठ. "चौथ्या मजल्यावरचे आंबेवाले काका किती उतरलेत गं." "लपून गोड खात असणार. धंदाच तो." माझे कान तिखट, हे एक दुखणंच. गेल्या सीझनपासून गिऱ्हाइकासाठी कापलेली फोड जिभेला लावतो आणि थुंकतो. हे कुणाला सांगायचं? लिफ्टला?

बायकोनं, सु.नं, वारांची नावं असलेली खणाखणाची डबी आणलीय. त्यात गोळ्या भरून माझ्यासमोर ठेवते आणि गिळेपर्यंत हलत नाही. "अहो, मी काय विष देतेय? तोंड काय ते!"

१५ मार्च, रविवार

मोठी गोळी बंद. माझ्या मनानंच.

गुरुवारी पाडवा. मालाची गर्दी सुरू झाली. सौदा चालू असताना मी पळालो की गिऱ्हाईक समोरच्या गाळ्यावर जातं. दत्ता माझा धाकटा भाऊ, माल उतरवण्यात, हिशेबात पक्का, पण सौद्याला मीच लागतो. आंबा दोन-अडीच महिने. तेवढं निघू दे, मग गोळी आहेच आणि मी आहेच.

सु.समोर गोळी गालात ठेवायची, पाणी प्यायचं, गाळ्यावर येऊन पेंढ्यात टाकायची. पेंढा पेटीबरोबर कुठं कुठं जातो. कुणाच्या घरी आंब्याखाली साखरेची गोळी निघाली तर तो माझा आशीर्वाद समजावा.

१७ मार्च

पोट शांत. एकदाही उठलो नाही. म्हादू म्हणाला, "तिकडचा गाळा विकला वाटतं." लय खूश मी. मूर्ख.

(मूर्ख हा शब्द नंतर घातलाय.)

१९ मार्च, पाडवा

पूजा झाली, पेट्यांना हार झाले. सोसायटीचे सेक्रेटरी पेटी न्यायला आले होते. रुमालाखालचा सौदा पहिल्यांदा बघितला त्यांनी. "हे काय जादूचे प्रयोग?" त्यांना समजावलं. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा. घेणारा आत आपली बोटं दाबतो. जितकी बोटं तितका भाव. आपल्याला पटलं की मान हलवायची. तोंडानं एक शब्द नाही, म्हणजे शेजारच्याला भाव कळत नाही. ते म्हणाले, "आणि नंतर कुणी फिरला तर? पुरावा काय?" म्हटलं, काही नाही. दोन हात. म्हणून तर इथं हाताला किंमत.

हे मोठ्या तोंडानं सांगितलं आणि पुढच्याच सौद्याला अडखळलो. पनवेलचे अण्णा, जुने दुकानदार. त्यांनी बोटं दाबली. मला मुंग्या आल्यासारखं, जणू जाड हातमोजा घातलाय. दोन की तीन? म्हटलं, "अण्णा, जरा जोरात." ते हसले. "काय बाबूराव, पाडव्याची घेतली का सकाळीच?"

मुंग्या तशा दिवाळीपासून आहेत. हात उशाखाली वळला असेल असं म्हणून सोडून देत होतो. रोज रात्री वळतो?

घरी श्रीखंड. दोन चमचे. सु.नं तिसऱ्याला वाटीच उचलली.

२४ मार्च, मंगळवार

वाईट झालं.

हनीफशेठ उरणचे. बावीस वर्षं आमच्या गाळ्यावरून माल उचलतात. आज मोठी खरेदी. रुमाल टाकला, त्यांनी दाबलं, मला चार कळलं. मान हलवली. माल टेम्पोत चढला. मग चिठ्ठीवर आकडा बघून हनीफशेठ म्हणाले, "बाबूराव, तीन होते."

म्हटलं, चार. ते म्हणाले, तीन. सकाळपासून उभा होतो, डोकं गरगरत होतं, घशाला कोरड. आणि समोर वीस माणसं थांबलेली. माझ्या तोंडातून गेलं, "हनीफशेठ, या वयात फिरता?"

बाजारात याहून मोठी शिवी नाही.

त्यांनी वाद घातला नाही. रुमाल नीट चौघडी करून खिशात ठेवला. माल उतरवून घ्यायला सांगितलं आणि गेले. दत्ता छाती काढून म्हणाला, "बरं झालं दादा, सुनावलंस. ही जुनी माणसंच डोक्यावर चढतात."

जेवलो नाही.

२५ मार्च

दुपारी सु.ला म्हटलं, बस इथं. मांडीवर टॉवेल टाकला. म्हटलं, खालून माझी बोटं दाब, किती ते मी सांगतो. "आज काय, नवी थेरं?" लाजली पण. लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं तिला, बाजारातली भाषा. सगळ्यांसमोर चादरीखाली बोलायचो.

दाबलं. म्हटलं, चार. "तीनच की हो." परत. म्हटलं, दोन. ती हसायला लागली, "एक! अहो, नापास!" परत. म्हटलं, तीन. ती हसली नाही.

"मी हात काढून घेतलाय," म्हणाली.

टॉवेल तसाच पडून राहिला. तिनं विचारलं, "गोळ्या खरंच घेता ना?" मी टॉवेलची घडी घालायला लागलो. ती उठून गेली. मग आतून भांड्यांचा आवाज. घासलेली भांडी परत घासत होती.

हनीफशेठ खरं बोलत होते.

३० मार्च, सोमवार

रक्ताचे रिपोर्ट घेऊन डॉ.कडे. सु. बरोबर. साखर वर, ते धरूनच होतो. बी-ट्वेल्व्ह खाली. डॉक्टरीणबाईंनी टाचणी, मऊ ब्रश, थरथरणारा लोखंडी चिमटा, सगळं लावून बघितलं. पायालाही लावलं. पायाला कधी लावलं ते मला कळलं नाही.

म्हटलं, दोन आठवडे गोळी सोडली म्हणून झालं का? "नाही. हे जुनं आहे. साखरेनं नसा खराब होतात. आणि ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर काहींच्या अंगातलं बी-ट्वेल्व्ह कमी होतं, त्यानंही होतात. थकव्यातही त्याचा वाटा असणार."

"म्हणजे रोगानं की औषधानं?"

"दोन्हींनी, बहुतेक."

अकरा वर्षं गोळी घेतली. घेतली म्हणून हे, सोडली म्हणून ते. माणसानं करायचं काय?

बाई चिडल्या नाहीत, तेच लागलं. म्हणाल्या, "पोटाचा त्रास मला सांगितला असतात तर बदलून दिली असती. सावकाश विरघळणारी मिळते." एवढंच होतं. मी पेंढ्यात टाकत बसलो.

आता नवी गोळी, जेवणानंतर. एक दिवसाआड इंजेक्शन. बोटं परत येतील का? "थोडी येतील. किंवा आहे तिथं थांबेल. नक्की सांगता येत नाही." मी माणसाचा भाव आवाजावरून ओळखतो. बाईंच्या आवाजात ती ‘थोडी’सुद्धा नव्हती.

२ एप्रिल

चहाच्या टपरीवर मागच्या बाकावर दोघं दलाल. "हनीफ फिरला म्हणे, बाबूरावांच्या गाळ्यावर." "म्हातारपणी बुद्धी फिरते. मी तर सांगितलं त्याला, आधी पैसे, मग माल." "आणि रुमाल?" "त्याच्याबरोबर कसला रुमाल! तोंडानं बोल म्हणावं, चार लोकांत."

कप खाली ठेवला. सांडला. हाताला कप किती जड तेही नीट कळत नाही हल्ली.

मी गप्प राहिलो तर हनीफशेठ लबाड. मी बोललो तर माझा हात गेला हे सगळ्या बाजाराला कळणार. कुठला माणूस मग माझ्या हातात बोटं देईल? पाठीवरच्या पोत्यापासून रुमालापर्यंत यायला मला चौदा वर्षं लागली. दुसरं काही मला येत नाही.

आज बोललो नाही.

४ एप्रिल

आजही नाही. तिसरं इंजेक्शन. फरक शून्य. दंड तेवढा दुखतो.

सौदे दत्ताकडे ढकलतोय. "खांदा धरलाय" असं सांगतो. अण्णांना पटलेलं दिसत नाही.

७ एप्रिल

जेवणाआधीची ती दुसरी, छोटी गोळी घेतली आणि तेवढ्यात ट्रक आला. जेवण राहिलं. अर्ध्या तासात घाम, हातपाय लटलट, समोरचे पिवळे आंबे पांढरे. पेटीवर बसलो. म्हादूनं ओळखलं, त्याच्या आईचं असंच व्हायचं. साखर तोंडात कोंबली. "चावू नका शेठ, चघळा. आन् मरायचं असंल तर सीझननंतर मरा, आमच्या मजुरीचं बघा जरा." त्याचा हात माझ्या पाठीवर होता तो मात्र काढला नाही त्यानं.

साखर टाळायची म्हणून गोळी. गोळी घेतली म्हणून साखर. कंटाळा आलाय. मरणाचा नाही, रोज हे सांभाळण्याचा.

९ एप्रिल, गुरुवार

उरणला गेलो. दत्ताला सांगितलं नाही. हनीफशेठ दुकानात एकटेच. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, तीनच होते. माझ्या बोटांना कळत नाही. शुगर.

ते म्हणाले, "माहीत आहे मला."

"काय माहीत?"

"तीनदा दाबलं मी त्या दिवशी. तुमचं बोट उत्तरच देत नव्हतं. पहिले रुमालातच बोलायचा तुमचा हात. मला तेव्हाच समजलं."

"मग बोलला का नाहीत? तिथंच?"

"वीस लोकांत? काय बोलू, बाबूरावांचा हात मेला? तुमचा धंदाच तो." मग पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवत, "पण तुम्ही मला फिरलो म्हणालात. मुलगा रोज विचारतो, अब्बा, खरं काय? त्याला पण नाही सांगितलं."

मला खाली बघवेना, वर बघवेना. माफी मागितली. ते "ठीक आहे" म्हणाले. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मी गाळ्यावर या म्हटलं. "बघू."

१० एप्रिल

दत्ताला सगळं सांगितलं. तो पेटीवर बसलाच. "दादा, सीझन संपेपर्यंत गप्प बस. जूनमध्ये सांग काय सांगायचं ते. तोवर लोकं विसरतील."

म्हटलं, हनीफशेठनी दोन महिने लबाड म्हणून काढायचे?

"मग आपण काय खायचं?" त्याचंही खरं.

सु.ला विचारलं. ती वांगी चिरत होती. म्हणाली, "मला काय विचारता, तुमचं ठरलंय. स्वेटर घालून जा, सकाळी अंग थंड पडतं तुमचं." एप्रिलमध्ये स्वेटर.

११ एप्रिल, शनिवार

सांगितलं. सौदे सुरू व्हायच्या आधी, गाळ्याच्या पायरीवर उभं राहून. हनीफशेठ फिरले नव्हते, चूक माझी, माझ्या बोटांना कळत नाही. आवाज नीट निघाला. पुढं काहीतरी ठरवून ठेवलं होतं ते विसरलो.

सगळे एकदम आपापल्या कामाला लागले. टपरीवरचा तो दलाल मोबाईलमध्ये बघायला लागला.

अण्णा जवळ आले. वाटलं, धीर देतील. कानाशी वाकले. "माझ्या पायातली चप्पल कधी निसटते मला समजत नाही. घरी येऊन बघतो तर एकच. कुणाला बोलू नका." आणि दत्ताच्या हातात हात द्यायला गेले.

दिवसभरात माझ्याकडे कुणी आलं नाही. खुर्ची मात्र आतून आणून दिली कुणीतरी. जायच्या-यायच्या वाटेतून बाजूला ठेवलेली.

१५ एप्रिल, बुधवार

नव्या गोळीनं पोट बरं. थकवा तोच. इंजेक्शन आता आठवड्यातून एकदा. करंगळीला आज काहीतरी वाटलं, पण मुंगीच चढली होती. खरीखुरी, आंब्यावरची.

नऊच्या सुमाराला हनीफशेठ आले. मला सलाम केला, थांबले नाहीत. दत्तासमोर उभे राहिले. खिशातून रुमाल काढला, दोघांच्या हातांवर टाकला. मी खुर्चीतून बघत होतो. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दत्ताच्या कपाळाला घाम. हनीफशेठ आढ्याकडे बघत होते. हमाल पेट्या धरून थांबलेले, सौदा होतोय की तुटतोय.

मी दोघांच्याही तोंडाकडे बघत राहिलो. तीस वर्षं त्या रुमालाच्या आत होतो. बाहेरून काहीच कळत नाही.