चादरीचं दुसरं टोक

सोमवार, ३ मार्च

सात मिनिटं बारा सेकंद. त्यात मावशींचं बोलणं सगळं मिळून एक मिनिटसुद्धा नाही. बाकी नुसता पंखा.

सरांनी सांगितलं होतं तशीच मुलाखत घेतली. शांत खोली, समोरासमोर खुर्च्या, दोघींच्या मध्ये रेकॉर्डिंगला मोबाइल, आधी संमतीपत्रावर सही. लॉन्ड्रीत शांत खोली एकच – साबणाच्या पोत्यांची. तिथे दोन खुर्च्या नेल्या. मावशी आल्या, केस सारखे केले आणि पासपोर्टचा फोटो काढायचा असल्यासारख्या बसल्या.

कामाबद्दल काय वाटतं?
"चांगलं वाटतं."
काही अडचणी?
"नाही बाई."

पुढचे अकरा प्रश्न माझ्या हातात होते. पण माझा आवाजच गेला. नेहमीसारखा. त्या माझ्याकडे बघतायत, मी कागदाकडे. शेवटी त्याच म्हणाल्या, "झालं का गं? तिकडे ढीग लागला असेल."

एरवी या बाईचं तोंड बंद नसतं! दोन वर्षं झाली, चादरीचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं माझ्या. हॉस्पिटलच्या चादरी, लॉजच्या चादरी. दिवसभर त्या बोलतात, मी ऐकते. सख्ख्या मावशी नाहीत. पण सख्ख्या मावशीशी मी वर्षातून दहा वाक्यं बोलत असेन.

प्रोजेक्ट डिप्लोमाचा शेवटचा. डिप्लोमाला साठ टक्के पडले तर समाजशास्त्राच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात घेतात. शाळेचा दाखला मागत नाहीत. नववी अर्धवट सोडलेल्या मुलीला हा एवढा एकच दरवाजा. आणि मी तो पंख्याचा आवाज जमा करून उघडणार.

मंगळवार, ४ मार्च

दादा म्हणतो, "समाजात तोंड उघडत नाही आणि निघाली समाजशास्त्र शिकायला." आई हसली. मग मीपण हसले. खरंच आहे ते.

गुरुवार, ६ मार्च

आज मिळालं. न विचारता!

चादर घडी करायची म्हणजे चार पावलं मागे, ताण द्यायचा, एक झटका, दुमड, चार पावलं पुढे. मी माझी टोकं त्यांच्या हातात देते, खाली लोंबणारी घडी उचलते, परत मागे. ड्रायरच्या आवाजात लांबचं काही ऐकू येत नाही. त्यामुळे जवळ आलं की बोलायचं, लांब गेलं की थांबायचं. एक चादर, दोन-तीन वाक्यं.

"परवा काय बसले होते गं मी. पोलिसांत जबाब द्यायला बसतात तशी."

मागे. पुढे.

"अडचणी विचारतेस? ही बघ अडचण." उजवा अंगठा दाखवला. मला काहीच वेगळं दिसलं नाही.

"चिमटीत काही राहत नाही. तू लागायच्या आधीपासूनचं आहे. मी बोटांच्या बेचक्यात धरते. या आणि या. तुला कळलं होतं?"

मी मान हलवली. नाही.

"समोर उभी राहून तुला कळलं नाही, म्हणजे बरं जमतंय मला."

मागे. पुढे.

"सुपरवायझर मॅडमना कळलं की संपलं. इस्त्रीच्या रोलरवरच्या काकूंचा खांदा गेला, तर काय म्हणाले त्यांना? 'बरं वाटलं की या.' दीड वर्ष झालं. अजून बरं वाटायचंय त्यांना."

मी विचारलं, घरी बसलात तर? (विचारलं! आपोआप तोंडातून गेलं.)

"घरी सून आहे. चांगली आहे. पण सारखीच चांगली असते गं, मला बसल्याजागी सगळं हातात देते. जीव घाबरतो माझा."

शनिवार, ८ मार्च

आज रजा घेतली. खिडकीत बसून सगळं लिहून काढलं. आठवणीतून, पण शब्द न् शब्द आहे. अंगठा, काकू, सून, सगळं. पाच पानं झाली. मला असं लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं.

शाळेत तोंडी परीक्षेला उभी राहिले होते तेव्हा तोंडातून शब्द फुटला नव्हता. अख्खा वर्ग बघत होता. दुसऱ्या दिवशी पोट दुखलं. तिसऱ्या दिवशीपण. मग ते वर्ष संपेपर्यंत दुखत राहिलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. कोणी काढलं नाही मला. मीच हळूहळू गेले नाही.

आज पोट शांत आहे.

शुक्रवार, १४ मार्च

दिला! चोवीस पानं, स्पायरल बाइंडिंग. मावशींचं नाव बदललंय, त्या 'क्ष'. सरांनी पानं चाळली, मधेच थांबले, वाचत राहिले. मी तिथेच उभी. मग म्हणाले, "ही पाच पानं फार चांगली आहेत." घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागले नाहीत.

सोमवार, १७ मार्च

पाय लागले.

वर्ग संपता संपता सर म्हणाले, "पंचवीस तारखेला रिपोर्टची एकेक प्रत तुमच्या कामाच्या ठिकाणी जाईल. परवानगी देताना त्यांनी ती अट घातली होती. पत्रात आहे."

पत्र काढून बघितलं. तिसरी ओळ. खाली सुपरवायझर मॅडमची सही. मीच नेऊन घेतलेली.

नाव बदललंय ना, मग काय, असं स्वतःला सांगितलं. आणि रिपोर्टचं पहिलं पान उघडलं. तिथे मी माझ्या हाताने लिहिलंय – 'एक चादर दोघीजणी घडी करतात. एक मी, एक क्ष.'

माझ्यासमोर लॉन्ड्रीत एकच माणूस उभं असतं. क्ष म्हणा नाहीतर काही म्हणा. मॅडमना दुसरी ओळपण वाचावी लागणार नाही.

आणि संमतीपत्रावर सही आहे, पण ती साबणाच्या खोलीतल्या 'चांगलं वाटतं'साठी. चादरीवरच्या बोलण्याला मी कुठे विचारलं होतं? त्या माझ्याशी बोलत होत्या. रिपोर्टशी नाही.

मंगळवार, १८ मार्च

सरांच्या खोलीपर्यंत गेले. बाहेरच्या कूलरचं पाणी प्याले. परत आले.

बुधवार, १९ मार्च

आज तीन ग्लास पाणी प्याले आणि आत गेले.

बोलता येणार नाही हे माहीत होतं, म्हणून चिठ्ठी लिहून नेली होती. सरांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

"किती पानं काढावी लागतील?"
"पाच."
"तीच पाच?"
मी मान हलवली.
"ती गेली तर साठ अवघड आहेत. हे तुला कळतंय ना?"

परत मान.

"मुदतीनंतर बदल करायला देत नाही मी कोणाला. पण हे वेगळं आहे. सोमवारपर्यंत देतो. आधी त्यांना विचार. त्या राहू दे म्हणाल्या तर नव्याने सही घे आणि ठेव पानं. नाही म्हणाल्या तर काढ." मग चिठ्ठीची घडी घालत म्हणाले, "तू आली नसतीस तर मला कधी कळलं नसतं."

"मला कळलं होतं ना."

एवढंच बोलले. पण मोठ्याने. शेजारच्या टेबलावरच्या शिक्षिकेने वर बघितलं, इतकं.

बाहेर आल्यावर जिन्यात बसले. रडू येईल असं वाटलं होतं. जांभई आली. दोन रात्री झोपले नव्हते.

आता मावशी.

गुरुवार, २० मार्च

सांगितलं. चादर हातात असतानाच सांगितलं, खोलीत नेलं नाही.

"तुम्ही त्या दिवशी अंगठ्याचं बोललात ना, ते मी रिपोर्टमध्ये लिहिलं."

चादर त्यांच्या हातातून सुटली. दोन वर्षांत पहिल्यांदा. धुतलेली चादर जमिनीवर – म्हणजे परत धुवायला. मी उचलून टोपलीत टाकली. पुढची धरली. वीस चादरी झाल्या, एक शब्द नाही. नुसती पावलं. तोंडी परीक्षेपेक्षा लांब होत्या त्या वीस चादरी.

मग जवळ आल्यावर, "काकूंचंपण?"
"हो."
मागे. पुढे.
"सुनेचं?"
"हो."
"ते सारखी चांगली असते ते?"
"तेपण."

मागे जाताना त्यांचा चेहरा बघितला. हसू दाबत होत्या.

"ते आधी काढ. अंगठ्याचं कळलं तर काम जाईल. सुनेचं कळलं तर घर जाईल."

मी सांगितलं, प्रत अजून कुठे गेलेली नाही, सर सोमवारपर्यंत थांबलेत, तुम्ही म्हणाल ते करते, सगळंच काढते. इतकं सलग मी आयुष्यात बोलले नसेन. त्यांना तीन चादरी लागल्या ऐकायला.

"सगळं कशाला? चादर कशी धरायची, कसा झटका द्यायचा, कोणी आधी वळायचं, ते ठेव. ते मला येतं. ते लिही की."

"रागावलात?"

"रागावले तर. आधी विचारलं असतंस तर नाहीच म्हणाले असते." मागे. पुढे. "आता विचारलंस, तरी नाहीच म्हणतेय. धर टोक नीट."

धरलं. इतकं हलकं वाटलं की झटका जास्तच जोरात बसला. त्या म्हणाल्या, "हळू. माझ्याकडे एकच अंगठा आहे."

रविवार, २३ मार्च

माझ्या प्रतीतली ती पाच पानं फाडली. बारीक तुकडे करून. त्या जागी काय लिहायचं?

सकाळी दादाला पकडलं आणि घरातली मोठी चादर घडी करायला लावली. चार वेळा आपटलो एकमेकांवर. तो डावीकडे दुमडतो, मी उजवीकडे, मध्ये दोरखंड तयार. आई दारात उभी राहून हसतेय. दादा वैतागला, "यावर पदवी देतात?"

पण तेव्हाच कळलं. लॉन्ड्रीत मावशी आणि मी कधी आपटत नाही, कारण त्या वळायच्या आधी खांदा जरासा खाली करतात. मला हे दोन वर्षं माहीत होतं आणि माहीत आहे हे माहीत नव्हतं.

ते लिहिलं. पावलं लिहिली. साबणाची खोली लिहिली – सात मिनिटं बारा सेकंद, त्यात पंखा किती. शांत खोलीत माणूस गप्प का होतं आणि ड्रायरशेजारी का बोलतं ते लिहिलं. काय बोलतं ते नाही.

चार पानंच झाली. आधीच्या पाचांइतकी चांगली नाहीत. पण वाचताना मान वर करून दाराकडे बघावं लागत नाही.

सोमवार, २४ मार्च

दिला. मावशींनी चारही पानं वाचून घेतली माझ्याकडून आणि खाली नव्याने सही केली. पेन बेचक्यात धरून. जुनी प्रत सरांनी माझ्या हातात परत ठेवली, तीपण फाडली.

शुक्रवार, ११ एप्रिल

बासष्ट.

बासष्ट! तीन वेळा बघितलं. नंबर माझाच आहे.

सरांनी शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलंय – 'पान नऊनंतर काहीतरी काढलंय हे कळतं. योग्य केलंत.' मला अहोजाहो.

आईने आधी गॅस बंद केला, मग खुर्चीत बसली. "म्हणजे आता कॉलेज?"
"थेट दुसरं वर्ष."
"पहिलं कुठे गेलं?" दादा.
"चादरीत."

आई माझ्याकडे बघत होती. "पोट दुखतंय का?"
"नाही गं."
"विचारते आपली."

मग उठली आणि गॅस पेटवला. पाठमोरी होती, पण खांद्यांवरून कळलं.

शनिवार, १२ एप्रिल

"पास?"
"पास."
"अंगठ्याशिवाय?"
"अंगठ्याशिवाय."
"मी तर कधीची तशीच पास होतेय."

बुधवार, १६ एप्रिल

सुट्टीच्या वेळेला सुपरवायझर मॅडमनी थांबवलं. रिपोर्टची प्रत त्यांच्या हातात. सगळी वाचलेली, पानांचे कोपरे दुमडलेले. दार लावलं.

"त्यांच्या अंगठ्याचं काही लिहिलं नाहीस."

मी बंद दाराकडे बघितलं.

"लिहिलं असतंस तर मला वर कळवावं लागलं असतं. कागद हातात आला की माझा इलाज नसतो." प्रत कपाटात ठेवली, किल्ली फिरवली. "तुला त्यांच्यासमोर का उभी केली, माहितेय? बोलणारी दिली असती तर आठवड्यात सगळ्यांना कळलं असतं. नोकरीच्या मुलाखतीला तुझ्या तोंडातून स्वतःचं नाव निघत नव्हतं. म्हटलं, हीच."

मावशींना हे सांगितलेलं नाही. सांगू का, ते मॅडमना विचारायचंय. उद्या विचारते.