एकाच कॉर्डची गिटार

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे आता बरे असतील. नसतील तर एवढ्यात कळवू नकोस, सध्या आणखी एक काळजी ठेवायला जागा नाही. आम्ही इकडे खुशाल आहोत (तुझ्या वहिनीचं म्हणणं वेगळं आहे).

नात नोकरीसाठी दूर निघाली, हे तुला ठाऊकच आहे. रविवारी घरच्यांसमोर ती स्वतः रचलेलं गाणं गिटारवर म्हणणार आहे. शेवटी गिटार माझ्या मांडीवर द्यायची आणि मी एकच कॉर्ड (म्हणजे बऱ्याच तारा एकदम छेडायच्या) चार वेळा वाजवायचा, असा तिचा हट्ट. मी हो म्हणून बसलो. नाही कसं म्हणणार?

कॉर्डचं नाव मायनर नाइन्थ. साधा मायनर म्हणजे तीन सुरांचं रडगाणं. त्यात आणखी दोन सूर घालतात, म्हणजे रडणाऱ्याच्या घरी आणखी दोन पाहुणे. पाचातला एक सूर गाळला तरी चालतो, असं ती म्हणाली. माझे चार गळत होते. चाळीस वर्षं रंधा धरलेली ही बोटं, एक तार दाबावी तर शेजारचीही दबते. तर्जनी मागे ताणली की करंगळी हवेत उभी राहते. तुझी वहिनी म्हणते, त्या बोटाला चहाचा कप सोडून कशाची सवयच नाही. तीन आठवडे झाले, बोटांना घट्टे पडले, पण आवाज मात्र पत्र्यावर वाळू टाकल्यासारखाच.

शेवटी सुताराची अक्कल चालवली. सागाची पट्टी घेतली, तिला चार खुंट्या ठोकल्या, खुंट्यांच्या टोकांना चामडं लावलं, आणि चारही तारा नेमक्या जागी दाबल्या जातील अशी ती नातीच्या गिटारच्या मानेवर बसवली. हलू नये म्हणून दोन्ही कडांना सरस लावला (सरस न लावता मी आयुष्यात काही बसवलेलं नाही). काय सांगू बेबी, असा स्वच्छ कॉर्ड वाजला की मीच दचकलो. सरस पक्का वाळल्यावर लक्षात आलं, की बाकीचं गाणंही तिला याच गिटारवर वाजवायचंय.

सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
दादा

ता. क. तुझ्या मुलाची गिटार शनिवारच्या आत पाठव. कशाला ते विचारू नकोस, आणि नातीचा फोन आला तर तुला काही माहीत नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच नात मागे उभी. पट्टी ओढून पाहिली, ती हलेना. मग म्हणाली, "आजोबा, येत नव्हतं तर सांगायचं होतं ना. टाळ्या वाजवायला बसवलं असतं." मी म्हणालो, तू जाताना माझं 'नाही' तेवढं सोबत घेऊन गेली असतीस. त्यावर ती शेजारी बसली, आणि त्या एका कॉर्डवरच अख्खं गाणं म्हणू लागली. मी तारा छेडत राहिलो.

ता. क. तिसरा. तरी गिटार पाठवच. तुझी वहिनी आतून विचारते आहे, कुठलं दार एवढं करकरतंय.